दोन अधिक म्हणजे अजून उत्तर नाही

जठराचा कॅन्सर म्हटलं की भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "कितवी स्टेज?" माझं उत्तर लवकर मिळालं. चौथी. यकृतावर डाग दिसत होते, त्यामुळे ऑपरेशनचा विषय सीटी स्कॅनच्या दिवशीच संपला. पण औषध नेमकं कोणतं द्यायचं, हे ठरायला त्यानंतरही बराच वेळ गेला. माझ्या जठरातून काढलेल्या काही बारीक तुकड्यांत कोणती प्रथिनं आहेत आणि कोणती नाहीत, हे शोधण्यात तो वेळ गेला. मी लिहितेय ते त्या शोधाबद्दल. आमच्या भागात रुग्णाला हे आधी कुणी सांगत नाही. सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

मी तासगावची, पंचायत समितीतून निवृत्त झालेली. कित्येक महिने दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं. ऍसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. मग शौचाला काळं व्हायला लागलं, जिना चढताना धाप लागायला लागली, आणि हिमोग्लोबिन 7.2 आलं तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी सुचवली गेली. आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण तसं कमी आहे. देशात सगळ्यात जास्त रुग्ण मिझोराममध्ये, त्यातही ऐझॉल भागात सापडतात. म्हणून असेल कदाचित, पण इथे पोटाचं दुखणं म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात पित्तच असतं.

पहिली दुर्बीण जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. जठराच्या वरच्या भागात, अन्ननलिका जिथे येऊन मिळते त्याच्या जवळ, जखम दिसली. दोन तुकडे काढले. रिपोर्टमध्ये 'अडिनोकार्सिनोमा, इंटेस्टिनल टाइप' असं आलं. कॅन्सर आहे हे ठरायला दोन तुकडे पुरले. पण पुण्यात कॅन्सरच्या डॉक्टरांनी तोच ब्लॉक, म्हणजे तुकडे मेणात बसवून जपलेली चौकट, मागवून पुढच्या तपासणीला पाठवला, तेव्हा लॅबने कळवलं की गाठीच्या पेशी फार थोड्या आहेत, हर-टू या प्रथिनाबद्दल खात्रीने काही सांगता येणार नाही, पुन्हा बायोप्सी करावी.

हर-टू हा शब्द घरात नवा नव्हता. माझ्या धाकट्या जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला होता आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये 'हर-टू तीन अधिक' असं होतं. त्यावरच त्यांना ट्रास्टुझुमॅब हे औषध मिळालं. जठरासाठीही हीच तपासणी असते, हे मात्र आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. मला मावशी म्हणायचे आणि घाई करायचे नाहीत. त्यांनी कागदावर एक पेशी काढली. तिच्या आवरणावर हर-टू नावाचं प्रथिन असतं, ते पेशीला वाढायचा निरोप देतं. ते बनवणारं जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं आणि निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. काही गाठींमध्ये या प्रती भरमसाट वाढतात, मग आवरणावर प्रथिनांची गर्दी होते आणि वाढीचा निरोप थांबतच नाही. ट्रास्टुझुमॅब त्या प्रथिनालाच जाऊन चिकटतं. म्हणजे प्रथिन असेल तरच औषधाचा उपयोग. नसेल तर नुसता खर्च आणि हृदयावर नसता ताण.

"पण मावशी, जठरात एक अडचण असते," ते म्हणाले. "स्तनाच्या गाठीत हर-टू असलं तर बहुतेक सगळीकडे सारखं असतं. जठरात ते ठिकठिकाणी असतं. एका कोपऱ्यात भरपूर, शेजारी काहीच नाही. दोनच तुकडे घेतले आणि ते नेमके रिकाम्या जागेतून आले, तर रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि औषध हुकतं. म्हणून निदान सहा ते आठ तुकडे घ्यायचे असतात."

हे ऐकून मला रागच आला. पहिल्या वेळी नळी आत होतीच. आणखी चार-सहा तुकडे घ्यायला काही मिनिटं लागली असती. रक्तस्राव होण्यासारखी जखम असेल तर डॉक्टर हात आखडता घेतात, हे मला नंतर कळलं आणि मान्यही आहे. पण माझ्या रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलेलं नव्हतं. तुकडे कमी घेतले आणि का घेतले तेही कळवलं नाही, याची भरपाई शेवटी रुग्णालाच पुन्हा नळी गिळून करावी लागते.

दुसऱ्या वेळी मी लक्ष ठेवून होते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, तो कडू असतो. नंतर जीभ दुसऱ्याच कुणाची असावी तशी जड होते. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लॅस्टिकचं कडं दिलं. नर्सच्या हातात छोटी बाटली होती, त्यात फॉर्मालिन. चिमटा आत जायचा, बाहेर यायचा, आणि तांदळाच्या कणीएवढा लालसर तुकडा ती लगेच बाटलीत सोडायची. प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा म्हणायची. आठवर थांबली. मग बाटलीवर नावाबरोबर वेळही लिहिली. वेळ कशाला, हे मी घसा मोकळा झाल्यावर विचारलं. तुकडा फॉर्मालिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी किंवा बहात्तर तासांपेक्षा जास्त राहिला तर प्रथिनांची तपासणी बिघडू शकते, म्हणून. आमच्याकडे शनिवारी काढलेली बायोप्सी कुठे कुठे सोमवार-मंगळवारपर्यंत पडून राहते, त्यामुळे ही वेळ लिहिण्याची पद्धत मला फार मोलाची वाटली.

पुढचं मला पाहायला मिळालं ते लॅबमधल्या मॅडममुळे. लेकीने रिपोर्टबद्दल विचारायला फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आईंना घेऊन या, स्लाइडच दाखवते." पॅथॉलॉजिस्टला भेटायचं असतं हे आपल्याला सुचत नाही. त्यांचं नाव रिपोर्टच्या तळाशी सहीत असतं, एवढाच आपला संबंध. मला विचाराल तर सगळ्या प्रवासात सगळ्यात स्पष्ट उत्तरं त्यांच्याकडून मिळाली.

आधी त्यांनी ब्लॉक दाखवला. प्लॅस्टिकच्या लहानशा चौकटीत पांढरं मेण, त्यात करड्या रंगाचे आठ ठिपके. ते मी. चौकटीच्या कडेला नंबर. फॉर्मालिननंतर तुकड्यांतलं पाणी अल्कोहोलने काढतात, मग झायलीन, मग वितळलेलं मेण आत मुरवतात. या घट्ट झालेल्या मेणाचे मायक्रोटोम नावाच्या कापायच्या यंत्रावर काप काढायचे, जाडी तीन-चार मायक्रॉन. टेक्निशियन मुलगा काप काढत होता. पात्याखालून मेणाची पातळ पट्टी निघत होती, एकाला एक जोडलेली. ती तो कोमट पाण्यावर अलगद सोडायचा, सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलून घ्यायचा. सगळं काम श्वास रोखून.

मग रंगाचा भाग. फॉर्मालिनमुळे प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात, म्हणून स्लाइड आधी विशिष्ट द्रावणात तापवतात, म्हणजे ती पुन्हा उघडी होतात. त्यावर हर-टूलाच चिकटणारी अँटिबॉडी सोडायची. ती जिथे चिकटेल तिथे शेवटी तपकिरी रंग येतो. बाकीच्या पेशींना निळा रंग देतात. या तपासणीला आयएचसी म्हणतात. माझ्याच काचेच्या एका टोकाला दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा होता, हर-टू आहे हे आधीच माहीत असलेला. त्याला रंग नीट आला तरच माझ्या तुकड्याचं उत्तर खरं धरायचं. कोण तो माणूस, कुठला, कुणाला ठाऊक. पण त्याच्या तुकड्याच्या भरवशावर माझी तपासणी झाली.

दोघांना एकाच वेळी बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. मॅडम एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. आधी नुसता निळा-जांभळा गोंधळ दिसला. मग त्यांनी एक बाण फिरवून दाखवायला सुरुवात केली. "या गोल गोल ग्रंथी. निरोगी जठरात त्या ओळीने असतात. इथे बघा, कशाही वेड्यावाकड्या." मग एका ग्रंथीवर थांबल्या. पेशींच्या तळाशी आणि दोन्ही बाजूंना तपकिरी रेघ होती, वरची बाजू मोकळी. जाऊबाईंच्या रिपोर्टमध्ये 'पेशीभोवती पूर्ण कडं' असं वाचल्याचं मला आठवत होतं, म्हणून विचारलं, हे अर्धवट का? मॅडमना प्रश्न आवडला. म्हणाल्या, "स्तनाच्या गाठीचा नियम इथे लावला तर चुकेल. जठरातल्या ग्रंथीच्या पेशीला वरच्या बाजूला बहुतेकदा रंग येतच नाही. इंग्रजी यू सारखं दिसलं तरी आम्ही ते मोजतो. आणि बायोप्सीत अशा पाच पेशींचा पुंजका सापडला तरी पुरतो. ऑपरेशनने काढलेली गाठ असेल तर मात्र दहा टक्के पेशी लागतात."

मग बाण जरासा सरकवला. अगदी शेजारची ग्रंथी, पूर्ण निळी. तपकिरीचा मागमूस नाही. तिसऱ्या तुकड्यात पुन्हा फिकट तपकिरी. दुसरे दोन तुकडे कोरे. डॉक्टरांनी कागदावर सांगितलेलं मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या वेळचे दोन तुकडे या कोऱ्या जागेतले असते तर?

गुण द्यायची त्यांची एक रीत आहे. अगदी कमी वाढवलेल्या भिंगातूनही रंग ठळक दिसला तर तीन अधिक. मधल्या भिंगावर दिसला तर दोन अधिक. सगळ्यात मोठं भिंग लावून शोधावा लागला तर एक अधिक. शून्य आणि एक अधिक म्हणजे निगेटिव्ह, तीन अधिक म्हणजे पॉझिटिव्ह. माझं दोन अधिक होतं, म्हणजे अनिश्चित. मॅडम म्हणाल्या, "दोन अधिक म्हणजे अजून उत्तर नाही. आता फिश करायला लागेल."

हे वाक्य मी मुद्दाम ठळक करतेय. कारण वॉर्डात भेटलेल्या एका बाईंना दोन अधिकवरच थांबवलं होतं. पुढची तपासणी महाग, म्हणून कुणी काढलीच नाही. त्यांच्या मुलाला मी सांगितलं, ब्लॉक आहे ना, मग अजूनही करता येते, डॉक्टरांना विचार.

फिशमध्ये प्रथिन बघत नाहीत, थेट जनुकाच्या प्रती मोजतात. अंधारात चमकणारे दोन रंगांचे ठिपके असतात, एक हर-टू जनुकाचा, दुसरा त्याच सतराव्या गुणसूत्राच्या मध्याचा. पेशी निवडून दोन्ही ठिपके मोजायचे आणि गुणोत्तर काढायचं. दोन किंवा जास्त आलं तर पॉझिटिव्ह. यासाठी ब्लॉक दुसऱ्या लॅबला द्यायचा होता. पुतण्या न्यायला आला तेव्हा टेक्निशियनने बजावलं, "दादा, गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका हं. मेण आहे, ऊन लागलं की गेलं." पुतण्याने ते पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वाटेत कुठे चहालाही थांबला नाही.

उत्तर येईपर्यंत डॉक्टरांनी केमोची पहिली सायकल सुरू केली. ऑक्झॅलिप्लॅटिन सलाइनमधून आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरी. फिश पॉझिटिव्ह आलं तर ट्रास्टुझुमॅब पुढच्या सायकलपासून जोडू, थांबून वेळ घालवायला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं. थंड पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हे त्या पंधरवड्यात शिकले. बाकी केमोबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी वाढवत नाही.

त्याच ब्लॉकवर आणखी तपासण्या मागवल्या होत्या. सगळ्या एकदम मागवणं महत्त्वाचं, कारण प्रत्येक तपासणीला काप लागतात आणि बायोप्सीचा तुकडा कापता कापता संपतो. एकेक करत मागवलं तर दर वेळी मशीनवर ब्लॉक पुन्हा सरळ करताना थोडा माल वायाच जातो.

त्यातली एक एमएमआर. इथे चार प्रथिनं बघतात: एमएलएच-वन, पीएमएस-टू, एमएसएच-टू, एमएसएच-सिक्स. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करताना होणारे दोष ही प्रथिनं दुरुस्त करतात. यात हिशेब उलटा आहे. पेशीच्या केंद्रात तपकिरी रंग आला म्हणजे प्रथिन जागेवर आहे, गायब असेल तर दुरुस्तीचं काम बंद. गायब असलेल्यांना इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, उपयोग चांगला होतो. पण त्यात दुसरीही एक शक्यता असते, लिंच सिंड्रोमची, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या अशा दोषाची, जो आईवडिलांकडून मुलांकडे जातो. माझी चारही जागेवर होती. म्हणजे औषधाचा एक रस्ता बंद झाला. तरी तो रिपोर्ट वाचताना मी आधी लेकीकडे पाहिलं आणि मला बरं वाटलं. माझ्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये तिच्याबद्दलही काही लिहिलेलं असू शकतं, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

दुसरी पीडी-एल-वन या प्रथिनाची. यात गाठीच्या पेशींबरोबर आजूबाजूच्या रोगप्रतिकारक पेशींवरचा रंगही मोजतात आणि गाठीच्या पेशींच्या संख्येने भागून शंभरने गुणतात. त्याला सीपीएस म्हणतात. माझा 3 आला. हर-टू पॉझिटिव्ह असून सीपीएस 1 किंवा वर असेल तर ट्रास्टुझुमॅब आणि केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे आणखी एक औषध दिल्याने फायदा होतो, असं आता दिसलंय. डॉक्टरांनी ते लपवलं नाही आणि किंमतही लपवली नाही. द्राक्षबागेचा तुकडा विकला असता तर काही डोस झाले असते. आम्ही ते घेतलं नाही. निर्णय पैशांचा होता आणि तो माझा होता. यांना आणि लेकीला मी त्यात बोलू दिलं नाही.

क्लॉडिन 18.2 ही तिसरी तपासणी लेकीने कुठेतरी वाचली होती. डॉक्टर म्हणाले, ती हर-टू निगेटिव्ह असणाऱ्यांसाठी. गाठीच्या निदान 75 टक्के पेशींवर त्या प्रथिनाचा रंग मध्यम ते ठळक असेल तर झोल्बेटुक्सिमॅब नावाचं औषध आहे, त्याला 2024 मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. फिश निगेटिव्ह आलं तर तिकडे वळू, तोवर काप वाचवू.

फिशचं गुणोत्तर 4.1 आलं. लेकीने फोनवर "आई, पॉझिटिव्ह!" असं इतक्या आनंदाने सांगितलं की शेजारच्या वहिनी बघत राहिल्या. आमच्या घरात पॉझिटिव्ह रिपोर्टवर पेढे आणायचे तेवढे राहिले.

मग मी आकडे वाचले. वाचू नको असं सगळे म्हणत होते, पण आयुष्यभर मंजुरीआधी फाइल वाचली, तर ही कशी सोडणार? जठराच्या कॅन्सरमध्ये ट्रास्टुझुमॅबचा उपयोग होतो हे दाखवणारी मोठी चाचणी 'टोगा' नावाची, 2010 साली प्रसिद्ध झालेली. तपासलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला हर-टू होतं. नुसत्या केमोवर निम्मे रुग्ण 11.1 महिन्यांपलीकडे जगले, ट्रास्टुझुमॅब जोडल्यावर 13.8 महिन्यांपलीकडे. ज्यांच्यात प्रथिन ठळक होतं, म्हणजे तीन अधिक किंवा माझ्यासारखे दोन अधिक आणि फिश पॉझिटिव्ह, त्यांच्यात 11.8 आणि 16. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मावशी, हा मधला आकडा आहे. निम्मे लोक याच्या पुढे असतात, आणि काही फार पुढे. तुम्ही कुठे असाल ते मला सांगता येणार नाही." मला खोटा धीर नको होता. तो त्यांनी दिला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

ट्रास्टुझुमॅब आता भारतीय कंपन्याही बनवतात, म्हणून निदान ते आवाक्यात आलं. 2014 च्या सुरुवातीला आपल्याकडे पहिलं तसं औषध बाजारात आलं, त्याआधीच्या रुग्णांनी काय केलं असेल याचा विचार मनात येतो. सुरू करण्याआधी टू-डी इको काढला, तो अधूनमधून परत काढतात, कारण हृदयाच्या आकुंचनावर परिणाम होऊ शकतो. पहिला डोस दीड तास सावकाश दिला. मध्येच हुडहुडी भरली. नर्सने सलाइन थांबवून इंजेक्शन दिलं, दोन ब्लँकेटं टाकली, थोड्या वेळाने पुन्हा सुरू केलं. नंतरच्या वेळी काही झालं नाही.

अलीकडच्या स्कॅनमध्ये यकृतावरचे डाग लहान झालेत आणि जठरातली जाड झालेली भिंत उतरलीय. भाकरी खाता येते, अर्धी का होईना. ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवलंय, गोळ्या आणि ट्रास्टुझुमॅब चालू आहे. दर तीन आठवड्यांनी पुणे.

पुढचंही मी विचारून ठेवलंय. हे औषध घेत असताना काही रुग्णांच्या गाठीतून हर-टू निघून जातं. त्या प्रथिनाच्या पेशी मरतात, बाकीच्या वाढतात. मी स्वतः त्या काचेवर निळ्या ग्रंथी पाहिल्यात, त्यामुळे हे मला समजावून सांगावं लागलं नाही. म्हणून गाठ पुन्हा वाढली तर जुन्या रिपोर्टवर विसंबायचं नाही, नवा तुकडा घेऊन हर-टू पुन्हा बघायचं. असेल तर ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन या दुसऱ्या औषधाचा विचार करता येतो, नसेल तर उरलेल्या कापांवर क्लॉडिन. ब्लॉक लॅबमधून परत घेऊन पावतीसह फाइलमध्ये ठेवलाय, कपाटात, खिडकीपासून लांब. आणि पुढच्या वेळी नळी आत जाण्याआधीच मी सांगणार आहे, "आठ तुकडे घ्या, आणि कमी घेतले तर का ते लिहा."